दोघे परदेशी, घर एक

क्रांतिकारकांची चरित्रे आपल्याकडे हौसेने लिहिली आणि वाचली जातात. त्यांच्या संसाराची बोळवण मात्र दोन ओळींत होते. ‘अमुक साली विवाह झाला, दोन कन्या झाल्या’ की संपले! डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या बाबतीत त्या दोन ओळींतच एक सबंध कहाणी दडलेली आहे.

वर्ध्याला १८८४ साली जन्मलेले हे टिळकभक्त ऐन तारुण्यात घर सोडून निघाले. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. तेथे ते शेतकी शिकले, गदर चळवळीच्या पायाभरणीत सामील झाले आणि पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले. १९२४ साली मेक्सिकोच्या भूमीवर पाय ठेवला तेव्हा वय चाळिशीला टेकलेले, इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव आणि मायदेशाचे दार बंद. हाती उरली होती ती शेतकीची विद्या. तिच्या बळावर ते चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी प्रयोग केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी शेतकीच्या मुक्त शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकर’ अशा अर्थाचे एक चित्र रंगविले आहे. त्यात पंगतीच्या मध्यभागी बसून भाकर मोडणारा जो पुरुष आहे, तो खानखोजेच, असे सांगतात.

पण भाकर वाटणाऱ्याला स्वतःचे ताट मांडायला घर कोठे होते? ते मिळाले १९३६ साली, पन्नाशी उलटल्यावर. जान सिंदिक ही बेल्जियन युवती त्यांची सहधर्मचारिणी झाली.

गंमत अशी, की या घरात ‘इथला’ कोणीच नव्हता. नवरा वऱ्हाडाकडचा, बायको युरोपातली आणि बाहेर सारा गाव स्पॅनिश बोलणारा. ती काही दोघांपैकी एकाचीही मायबोली नव्हे. आपल्याकडे सून सासरच्या चालीरीती शिकते. येथे दोघांनाही सारे शिकायचे होते. तिथल्या बायका चुन्याच्या पाण्यात मका उकळून वाटतात आणि हातांवर थापून तव्यावर टाकतात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला तो आवाज परका वाटला नसावा! मुलींची नावे ठेवली सावित्री आणि माया. पहिले नाव थेट आपल्या पुराणातले. दुसरे आपले तर खरेच, पण त्या भूमीवरच्या एका प्राचीन जमातीचेही. दोन देशांना जोडणारा याहून सोपा पूल तो कोणता?

पुढे १९४७ साली देश स्वतंत्र झाला. काळ्या यादीची सावली त्यानंतरही काही काळ रेंगाळली. पण पन्नाशीच्या दशकात खानखोजे कायमचे परतले आणि नागपुरास राहिले.

वाचकहो, आपण येथे टाळ्या वाजवून थांबतो: वनवास संपला, राम अयोध्येस आला! पण त्याच क्षणी त्या घरातल्या गृहिणीचा वनवास नव्याने सुरू झाला, हे कोणाच्या ध्यानात येते? मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच, हवा थंड. नागपूरचा वैशाख काय असतो, हे नागपूरकरांनाच विचारावे! नवी भाषा, नवे शेजार, नवा स्वयंपाक. ज्याला तो ‘परत येणे’ म्हणत होता, ते तिच्यासाठी दुसऱ्यांदा देश सोडणे होते.

१९६७ साली खानखोजे वारले. तीस वर्षांचा हा संसार दोन खंडांत झाला. निम्मा दोघांना परक्या देशात आणि उरलेला एकट्या तिला परक्या असलेल्या गावात. त्यांचे चरित्र पुढे लिहिले ते कन्या सावित्रीने. चापिंगोला २०२२ साली त्यांचा पुतळाही उभा राहिला, ते योग्यच झाले.

आज आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुले परदेशी संसार मांडून आहेत. ‘मुलगा केव्हा परत येणार?’ हे आपण सहज विचारतो. त्याच वेळी एक प्रश्न सुनेलाही विचारावा: ‘बाई, तुझे घर कोणते?’ तिचे उत्तर ऐकून घेण्याइतका धीर आपल्यापाशी असला, म्हणजे दिवाळीचा दिवा उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना उजेड देईल.