नोंदवहीतला कुकर

मंडळाच्या गणपतीच्या आदल्या संध्याकाळी हॉलच्या स्वयंपाकघरात आम्ही सात-आठ जणी मोदक वळत होतो. काकूंच्या हातच्या कळ्या बघत राहाव्यात अशा असतात. पण या खेपेला पारी फिरवताना त्या मधूनच थांबत होत्या. डाव्या मनगटावर हिरवट-पिवळा डाग होता, मुका मार आठवड्याने दिसतो तसा. मी विचारलं, तर हसून म्हणाल्या, "काही नाही गं, गिऱ्हाइकाचं प्रेम."

काकू मूळच्या मिरजेच्या. (नाव लिहीत नाही. मंडळातले बरेच जण ओळखतील, पण छापून कशाला?) मुलाकडे म्हणून कॅलिफोर्नियात आल्या आणि ग्रीन कार्ड झाल्यावर इथल्या एका भारतीय किराणा दुकानात गल्ल्यावर उभ्या राहू लागल्या. एका रात्री बंद व्हायच्या सुमारास एक माणूस प्रेशर कुकर परत करायला आला. पावती नाही, कुकरचं बूड काळं झालेलं. काकूंनी सांगितलं, उद्या मॅनेजर असतील तेव्हा या. त्याने काउंटरवरून हात घालून त्यांचं मनगट पकडलं, पुढे ओढलं आणि म्हणाला, दुकान किती वाजता बंद होतं ते मला माहीत आहे. मग झाकण जमिनीवर आपटून निघून गेला. त्यानंतर आठ दिवस काका रोज रात्री साडेआठपासून गाडी दुकानासमोर लावून बसले.

"मॅनेजरला सांगितलंत?"

"सांगितलं ना. तो म्हणाला, जाऊ द्या काकू, असले येतातच. मी पण म्हटलं, जाऊ दे. कशाला वाढवायचं?"

हे वाक्य मला पाठ आहे, कारण एकदा मी स्वतः ते पाळलं आहे. लग्नाआधी मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. एम.ए. झालेली आणि अक्षर बरं, म्हणून शिक्षक-सभेचं इतिवृत्त माझ्याकडे. एकदा तोंडी परीक्षेच्या गुणांवरून एक पालक स्टाफरूममध्ये आले आणि त्यांनी आमच्या एका सहकारी सरांवर खुर्ची उगारली. चौघांनी धरलं म्हणून खुर्ची लागली नाही. मुख्याध्यापकांनी त्या पालकांना चहा पाजला. सभेत ठरलं, शाळेचं नाव कशाला खराब करायचं? मी वहीत लिहिलं, 'परीक्षाविषयक चर्चा झाली.' तीन आठवड्यांनी त्याच माणसाने सरांना बाजाराच्या दिवशी रस्त्यात गाठलं. सरांचा जबडा दुखावला. पोलिसांनी विचारलं, याआधी काही झालं होतं का? वहीत काहीच नव्हतं. सरांनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली. मला कुणी दोष दिला नाही, पण ते अक्षर माझंच होतं.

म्हणून मोदकांच्या दुसऱ्या खेपेला मी काकूंना म्हटलं, "काकू, कॅलिफोर्नियात हे लिहून ठेवण्याचा कायदा आहे. मनगट धरलं ते तर लिहायचंच, पण 'कधी बंद होतं ते माहीत आहे' हेसुद्धा."

मी काही कायदेतज्ज्ञ नाही. नवऱ्याच्या कंपनीत गेल्या वर्षी सगळ्यांना एक प्रशिक्षण घ्यावं लागलं. तो घरी जेवताना एका हाताने 'पुढे' बटण दाबत होता आणि मी शेजारी बसून वाचत होते. पळा, लपा, अगदीच नाइलाज झाला तर लढा, हे सगळं त्यात होतंच. आमच्या दुसरीतल्या मुलीला शाळेत दिवे घालवून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करवतात. तिने ते मला पहिल्यांदा सांगितलं त्या रात्री मी झोपले नव्हते. पण या प्रशिक्षणाचा निम्म्याहून जास्त भाग गोळीबाराचा नव्हताच. तो होता त्याच्या आधीच्या दिवसांचा.

कायदा आला त्यामागे आपल्याच परिसरातली घटना आहे. २६ मे २०२१ च्या सकाळी सॅन होजेमधल्या व्हीटीएच्या लाइट रेल यार्डात एका कर्मचाऱ्याने आपल्या नऊ सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःला. मेलेल्यांत एक शीख ट्रेनचालक होता. इतरांना सावध करताना तो गेला, असं त्याच्या सोबत्यांनी सांगितलं. जवळजवळ तीन महिने ती रेल्वे बंद होती. नंतर एकेक गोष्टी बाहेर आल्या. त्या माणसाची सहकाऱ्यांशी आधी भांडणं झाली होती, एकाने त्याची भीती वाटते असं बोलूनही दाखवलं होतं. २०१६ मध्ये परदेशातून परतताना कस्टमच्या अधिकाऱ्यांना त्याच्या सामानात एक वही सापडली होती, त्यात नोकरीच्या जागेबद्दलचा राग लिहिलेला होता. प्रत्येक गोष्ट कुणाला तरी माहीत होती, पण ती एका जागी कुणी मांडली नाही. जानेवारी २०२३ मध्ये हाफ मून बेला मशरूमच्या दोन शेतांवर सात जण मारले गेले. तिथेही मारणारा त्यांच्यातलाच कामगार. त्याच वर्षी सॅन होजेचे सिनेटर डेव्ह कॉर्टेसी यांनी मांडलेलं विधेयक, सिनेट बिल ५५३, मंजूर झालं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालं. दवाखान्यांसाठी असा नियम २०१७ पासूनच होता. परिचारिकांनी तो भांडून मिळवला. आपल्याकडे महाराष्ट्रातही डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० चा कायदा आहे, पण त्याचा रोख हल्ला झाल्यानंतरच्या शिक्षेवर जास्त. इथला कायदा मालकाला विचारतो, आधी काय केलंत?

म्हणजे काय, तर लेखी योजना हवी, तीही कामगारांना विचारून केलेली. कुणाला सांगायचं त्याचं नाव त्यात हवं. दरवर्षी प्रशिक्षण हवं. तक्रार केली म्हणून कुणाला त्रास देता येणार नाही. आणि हिंसेच्या प्रत्येक प्रसंगाची नोंदवही हवी, पाच वर्षं जपून ठेवलेली. त्यात कुणाची ओळख पटेल असं लिहायचं नाही, पण कामगाराने मागितली तर दाखवावी लागते. इजा झाली नाही तरी धमकी हीसुद्धा हिंसाच धरायची, मग ती तोंडी असो की मेसेजवर. जनतेसाठी खुलं दुकान म्हटलं की कामाला चारच माणसं असली तरी हे लागू आहे. दहापेक्षा कमी माणसांची सूट फक्त बाहेरच्यांना प्रवेश नसलेल्या जागांना आहे. घरून काम करणाऱ्यांना हे लागू नाही, म्हणून आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना त्याचा पत्ता नसतो.

कायद्याने हिंसेचे चार प्रकार केले आहेत. पहिला, ज्याचं तिथे काहीच काम नाही असा माणूस, म्हणजे बहुतेक लुटारू. दुसरा, गिऱ्हाईक, रुग्ण, विद्यार्थी, पाहुणा. काकूंचा कुकरवाला यात. तिसरा, आजचा किंवा पूर्वीचा सहकारी. चौथ्याकडे नंतर येते.

गणपती विसर्जन झाल्यावर मी काकूंबरोबर दुकानात गेले. योजना बघायला मागितली. मॅनेजर मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळाने तांदळाच्या गोणींमागून एक बाइंडर घेऊन आला. राज्य सरकारने दुकानदारांसाठी एक नमुना योजना तयार केली आहे, गाळलेल्या जागा भरायच्या. तीच छापून लावली होती. जबाबदार व्यक्ती म्हणून ज्याचं नाव होतं तो नोकरी सोडून गेला होता. नोंदवहीचं पान कोरं. प्रशिक्षण? झालं होतं. फोनवर इंग्रजी व्हिडिओ लावला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काकूंची सही मराठीत होती.

मालकांना बोलावणं गेलं. "आप वकील हैं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, शिक्षिका होते. मला वाटलं आता वाजणार. पण ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. इथे आल्यावर सुरुवातीची वर्षं त्यांनी पेट्रोल पंपावर रात्रपाळी केली होती. दोनदा बंदूक रोखली गेली. दुसऱ्या वेळेनंतर पंपाच्या मालकाने काचेवरच्या जाहिराती काढल्या, म्हणजे रस्त्यावरून गल्ला दिसेल. गल्ल्यात थोडीच रोकड ठेवायची, बाकीची टाकायला खाचेची तिजोरी आणली आणि दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा केल्या, पळणाऱ्याची उंची सांगता यावी म्हणून. अमेरिकेच्या ओशा या सरकारी खात्याने रात्री चालणाऱ्या दुकानांना हेच उपाय १९९८ मध्ये सुचवले आहेत. आपले किती लोक मोटेल, पंप, किराणा यांत आहेत! या देशात २०२३ मध्ये कामाच्या जागी ४५८ खून झाले. मालकांना त्या बंदुका अजून आठवतात. पण बंदूक म्हणजे हिंसा आणि मनगट म्हणजे 'असले येतातच', हा फरक त्यांच्या डोक्यात पक्का होता. मी त्यांना एवढंच विचारलं, "काका आठ दिवस गाडीत बसले होते, ते तुम्हाला माहीत होतं?" माहीत नव्हतं.

मी नियमातलं एक वाक्य त्यांना दाखवलं. प्रशिक्षण कामगारांच्या भाषेला आणि शिक्षणाला साजेसं हवं, आणि योजनेची माहिती असलेल्या माणसाला प्रश्न विचारायची सोय हवी. ते म्हणाले, मग तुम्हीच घ्या. तसं चालणार नव्हतं. मी बाहेरची. शेवटी ठरलं की मालक आणि मॅनेजर बसतील, उत्तरं ते देतील, मी मराठी आणि मोडक्या हिंदीत सांगेन. दुकान उघडण्याआधी, चहा आणि खारी दुकानाकडून.

बऱ्याच वर्षांनी वर्ग घेतला. पाच बायका आणि माल उतरवणारा एक मुलगा. सुरुवातीला आमच्या शाळेतल्या ढ वर्गापेक्षा जास्त शांतता. मग मी विचारलं, रात्री कचरा टाकायला मागच्या दाराने कोण जातं? आणि जे सुरू झालं! मागच्या दारावर दिवा नाही. दार आपोआप लागतं, बाहेरून उघडत नाही, किल्ली मॅनेजरकडे. दुकानाच्या फोनला कोड आहे आणि तो दोघांनाच माहीत. एक माणूस रोज चाटच्या काउंटरवर येऊन एकीला घरचा पत्ता विचारतो, ती त्याला रोज वेगळा खोटा पत्ता सांगते. (यावर सगळे हसले. मग कुणीच हसेना.) मॅनेजर वहीत लिहीत होता. त्याचा चेहरा उतरला होता आणि मला त्याची दया आली. वीस मिनिटांत त्याला कळलं ते वर्षभर त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने एकदा 'जाऊ द्या' म्हटलं की पुढचं कोण सांगणार?

चौथा प्रकार मी शेवटी सांगितला. ज्याचं दुकानाशी काही काम नाही पण कामगाराशी नातं आहे, असा माणूस. नवरा, सोडलेला नवरा, दीर, कुणीही. घरातली मारहाण घरातच राहत नाही. बाई कुठे, किती वाजता, कोणत्या काउंटरवर असते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. यावर कुणी काही बोललं नाही. वर्ग संपला, कप गोळा करताना त्यांतली एक माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, घरचं माणूस दुकानात आलं, तर मालकच म्हणणार ना, तुझी कटकट बाहेर ठेव?"

मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. घरी मार खाते म्हणून इथे कुणाला कामावरून काढता येत नाही. कोर्टात जायला सुट्टी मिळते. कुणी कामाच्या जागी येऊन धमकावत असेल, तर मालक स्वतः कोर्टातून त्याच्याविरुद्ध मनाईचा हुकूम मागू शकतो, तिला एकटीने उभं राहायला नको. आणि आपल्या लोकांसाठी, आपल्या भाषांत बोलणाऱ्या 'मैत्री' आणि 'नारिका' या संस्था बे एरियात तीस वर्षांहून जास्त काळ आहेत. तिने मान हलवली. फोन नंबर कागदावर नको म्हणाली, दोन वेळा म्हणून पाठ केला. मी पुढे काही विचारलं नाही. मंडळातल्या कुणी तिच्याबद्दल मला विचारू नये.

मागच्या दारावर आता दिवा आहे. फोनचा कोड सगळ्यांना माहीत आहे. नव्या जबाबदार व्यक्तीचं नाव गल्ल्याजवळ लावलं आहे, आणि पत्ता विचारणारा परत आला तर चाटच्या काउंटरवर मॅनेजर जातो. कुकरवाला परत आलेला नाही.

त्याची नोंद मात्र झाली, उशिराने का होईना. मॅनेजर रकाने भरत होता, काकू आणि मी समोर. तारीख, वेळ, जागा. प्रकार दुसरा. गर्दी होती का, एकटी होती का, उजेड होता का, मदत मागता आली का. पुढे हत्यार, धमकी, अगदी जनावराच्या हल्ल्यालाही खूण करायची जागा आहे. काकूंना त्याची फार गंमत वाटली. नाव लिहायचं नाही म्हणून 'गल्ल्यावरील कर्मचारी' असं लिहिलं. मग मी इंग्रजीतलं वर्णन त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

काकूंनी चष्मा पुसला. "हे बरोबर आहे," म्हणाल्या, "पण त्यात लिही, कुकर पाच लिटरचा होता आणि बूड काळं होतं. नाहीतर वाटेल मी उगीच अडवला."

मॅनेजरने लिहिलं.