माणशी एक हंडा, गुणिले बारा लाख

धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरहून समुद्र गाठायचा तर सर्वांत जवळचा किनारा सुरतेकडचा, आणि तोही दोनशे किलोमीटरच्या पुढे. चक्रीवादळ इथे बहुधा टीव्हीवरच दिसतं. पण ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलेलं ‘निसर्ग’ रायगड झोडपून थांबलं नाही; जोर ओसरत ओसरत ते उत्तर महाराष्ट्र ओलांडून विदर्भ-मध्य प्रदेशाकडे निघून गेलं. वादळ इकडे येत नाही तेव्हा इथली माणसं तिकडे जातात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचा एक तळ नागपूरला आहे, दुसरा धुळ्याला. म्हणजे महाराष्ट्राच्या स्वतःच्या बचावदलाचा एक तळ सोनगीरपासून वीसेक किलोमीटरवर! हे काम किती जोखमीचं, हे २३ मे २०२४ रोजी कळलं. अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना धुळ्याच्या दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले.

पण बचाव हा या कामाचा लहान भाग. माणूस वाचला, त्याला सुरक्षित जागी आणून बसवलं, की दुसऱ्या मिनिटापासून त्याला पाणी लागतं, जेवण लागतं, संडास लागतो आणि डोक्यावर काहीतरी लागतं. एका माणसाची ही गरज अगदी किरकोळ असते. डोळे फिरतात ते गुणाकार केल्यावर.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथल्या तांबटांनी मठारलेला एक मध्यम हंडा डोळ्यांपुढे आणा, पंधरा लिटर पाणी मावेल असा. आपत्तीग्रस्त माणसाला पिणं, स्वयंपाक आणि अंघोळ-धुणं मिळून रोज किमान किती पाणी द्यावं, याचा जगभर मानला जाणारा आकडा नेमका हाच आहे: माणशी १५ लिटर. तो ‘स्फिअर’ नावाच्या पुस्तिकेत आहे, आणि त्या पुस्तिकेमागे एक भयंकर गोष्ट आहे. १९९४ साली रवांडातून पळालेले लाखो लोक तेव्हाच्या झैरेतल्या गोमा शहराभोवती येऊन पडले. मदत करणाऱ्या संस्था पुष्कळ होत्या, पण कोणी किती आणि काय द्यायचं याचा मेळ नव्हता. कॉलरा पसरला आणि काही आठवड्यांत सुमारे ५० हजार माणसं मेली. त्यानंतर रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९७ साली एकत्र बसून ‘याच्या खाली जायचं नाही’ असे आकडे ठरवायला घेतले. माणशी १५ लिटर पाणी. माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा. दिवसाला २,१०० कॅलरी. २५० माणसांमागे एक नळ आणि २० माणसांमागे एक संडास.

आता दहा हजार माणसांची छावणी उभारायची आहे असं धरू. पाणी झालं दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर, रोज. नळ लागतील ४०. नळाची धार मिनिटाला साडेसात लिटरची धरली, तर २५० माणसांचं पाणी भरायला तो ५०० मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं, एक क्षणही बंद न होता वाहायला हवा. बाईने हंडा खाली ठेवला, दुसरीने पुढे सरकवला, मध्ये दोन शब्द झाले, की हिशोब तासाभराने लांबला. संडास पाचशे. पाचशे खड्डे खणायचे, तेही पाणी साचलेल्या जमिनीत. धान्य माणशी ४०० ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम आणि तेल २५ ग्रॅम असं नेहमीचं मापटं लावलं, तर दिवसाला चार टन धान्य, ६०० किलो डाळ, २५० किलो तेल. मोकळ्या जागेसकट, म्हणजे रस्ते, चुली, कचरा धरून, माणशी ४५ चौरस मीटर जमीन लागते, असं हीच पुस्तिका सांगते. एकूण ४५ हेक्टर, म्हणजे १११ एकर. एवढी सलग, उंचावरची आणि कोरडी जमीन कोकणात दाखवा पाहू!

आणि दहा हजार हा आकडा तर काहीच नाही.

३ मे २०१९ रोजी ‘फनी’ चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ आलं. त्याआधीच्या साधारण चोवीस तासांत सुमारे १२ लाख माणसांना हलवण्यात आलं. तासाला पन्नास हजार. मिनिटाला आठशेहून जास्त. सेकंदाला चौदा. हे वाक्य वाचेपर्यंत पन्नास-साठ माणसं घराबाहेर पडून निवाऱ्याकडे निघालेली असतील, आणि हा वेग दिवसरात्र टिकवायचा. सगळ्यांना एसटीसारख्या पन्नास आसनी गाडीतून न्यायचं ठरवलं असतं तर तासाला हजार गाड्या सोडाव्या लागल्या असत्या. अर्थात तसं झालं नाही. खूपजण चालत गेले, कोणी ट्रॅक्टरमध्ये, कोणी दुचाकीवर. त्यासाठी मोबाइलवर २६ लाख संदेश गेले, ४३ हजार स्वयंसेवक दारोदार फिरले, जवळपास ९ हजार निवारे आणि ७ हजार स्वयंपाकघरं उघडली.

या बारा लाखांना रोज माणशी एक हंडा पाणी द्यायचं म्हटलं, तर दहा हजार लिटरचे १,८०० टँकर लागतील. पुढच्या गाडीपासूनचं थोडं अंतर धरून टँकरला अकरा मीटर जागा दिली, तर ही रांग सोनगीर फाट्यापासून आग्रा रोडने थेट धुळ्याला जाऊन भिडेल. ही झाली एका दिवसाची रांग. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेवढीच.

मला मात्र यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो भागाकार. बारा लाख माणसं आणि ९ हजार निवारे म्हणजे निवाऱ्यामागे १३३ माणसं. बारा लाखांना ४३ हजार स्वयंसेवक म्हणजे एकामागे २८. अठ्ठावीस माणसांना नावानिशी ओळखणारा, त्यांतली म्हातारी कोण, पोटुशी कोण, कोण घर सोडणार नाही म्हणून हटून बसणार, हे जाणणारा एक माणूस असला, की बारा लाखांचा आकडा गल्लीत मावतो. १९९९ च्या ऑक्टोबरात याच ओडिशात महाचक्रीवादळाने जवळपास दहा हजार माणसं मारली होती. २०१९ ला भारतात गेली ती शंभराच्या आत. वाऱ्याचा जोर तेव्हा अधिक होता हे मान्य, पण एवढा फरक एकट्या वाऱ्याचा नव्हे. मधल्या वीस वर्षांत तिथे पक्के निवारे बांधले गेले, आणि कोणी कोणाच्या दारात जायचं हे आधी ठरलेलं होतं.

‘निसर्ग’च्या वेळी महाराष्ट्र आणि गुजरात मिळून लाखभर लोकांना हलवलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकात साधारण ४५ माणसं असतात. महाराष्ट्रात वीसेक पथकं होती, म्हणजे नऊशे जवान. नऊशे जवान काही लाखभर लोकांना उचलून नेत नाहीत. ते काम केलं तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल, पोलीस पाटील आणि आशाताईंनी. त्यातून ते कोरोनाचे दिवस. निवाऱ्यात सहा फुटांचं अंतर पाळायचं होतं. गंमत पाहा, सहा फूट गुणिले सहा फूट म्हणजे ३६ चौरस फूट, आणि स्फिअरची साडेतीन चौरस मीटरची अट म्हणजे साडेसदतीस. कोरोनाने जी जागा मागितली, ती आपत्तीग्रस्ताची आधीपासूनच हक्काची होती. आपण ती कधी देत नव्हतो एवढंच. पाचशे चौरस फुटांच्या शाळेच्या वर्गात या मापाने तेराच माणसं बसतात. लाखभर लोकांना साडेसात हजारांवर वर्गखोल्या लागतील. प्रत्यक्षात एका वर्गात चाळीस-पन्नास माणसं रात्र काढतात. एका रात्रीपुरतं ते चालतं, महिनाभर चालत नाही.

महिनाभराचा प्रश्न छपराचा. कोकणातलं पाचशे फुटांचं घर घ्या. उतार आणि पागोळ्या धरून साडेसहाशे फूट छप्पर होतं. दहा फुटी पत्रा एकावर एक चढवल्यावर त्याची कामाची जागा राहते तीसेक फूट. म्हणजे घराला बावीस पत्रे. पत्रा तेरा किलोचा धरा, बावीस पत्र्यांचं वजन झालं २८६ किलो. अशी दहा हजार घरं असतील तर २,८६० टन, म्हणजे दहा टनी २८६ ट्रक, नुसत्या पत्र्यांचे. आणि पत्र्याला आठ जे-हूक लागतात. साडेसतरा लाखांवर हूक, तेवढेच वायसर. पत्रे पोचले आणि हूक पोचले नाहीत, तर पत्रे अंगणात पडून राहतात आणि पहिल्याच वावटळीत शेजाऱ्याच्या अंगावर जातात. हूकही आले तरी ते ठोकायला मिस्त्री लागतो, आणि मिस्त्रीचं स्वतःचं घरही उडालेलं असतं. जून महिना आहे, पाऊस दारात आहे. तालुक्यात बसून मदतीची जुळणी करणारा माणूस दिवसभर याच हूक-वायसर-मिस्त्रीच्या मागे असतो. बातमीत ते येत नाही.

पाऊस म्हणजे केवढा, तेही सांगायला हवं. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला. धुळे-सोनगीर पट्ट्यात वर्षभरात एवढा झाला तरी शेतकरी सालाला नाव ठेवत नाही. आपलं आख्खं वर्ष तिथे एका दिवसात कोसळलं, आणि ते पाणी सावित्री नदीने महाडला उतरवलं.

अशा बातम्या आल्या की आपल्याकडे गावोगाव टेम्पो भरले जातात. भावना शंभर टक्के खरी असते, म्हणूनच पुढचे आकडे बोचतात. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. ज्यांच्यासाठी ती होती, ती लोकसंख्या वीस लाख. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत माणशी दोन किलो औषधं! त्यांतली निम्म्याहून अधिक त्या देशाच्या औषधांच्या यादीतच नव्हती, आणि बहुतेकांवरची माहिती तिथल्या लोकांना न वाचता येणाऱ्या भाषांत होती. तामिळनाडूत नागपट्टिणमला रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग लागले. दिल्लीच्या ‘गूंज’ या संस्थेने पुढे त्यांतले पुष्कळ निवडून कामी लावले. तात्पुरती घरंही घाईघाईत डांबराचे पत्रे लावून उभी केली गेली, आणि उन्हाळ्यात आत बसवेना. समुद्रकाठच्या त्या उकाड्यात छप्पर कशाचं हवं, हे तिथल्या मच्छीमार बाईला विचारलं असतं तर तिने चटकन सांगितलं असतं.

जुन्या कपड्यांचा हिशोब मी एकदा बसून केला. दहा टनी एक ट्रक. नग सरासरी ३०० ग्रॅमचा धरला तर ३३ हजार नग. एकेक नग उचलायचा, बाई-पुरुष-मूल असा वेगळा करायचा, फाटका बाजूला टाकायचा, याला फक्त पंधरा सेकंद दिले तरी १३९ तास होतात. आठ तासांची पाळी धरली तर सतरा माणसांचा पूर्ण दिवस, एका ट्रकपायी. असे दहा ट्रक आले की पावणेदोनशे माणसांचा दिवस कपडे निवडण्यात गेला. तीच माणसं पाचशे संडासांचे खड्डे खणू शकली असती.

म्हणून रोख मदत बरी, असं या कामातले जाणते लोक म्हणतात, आणि मला ते पटतं. पण रोखीचाही गुणाकार करून पाहावा लागतो. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाखावर नेली, आणि बागायतीची हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर. ५० हजार ऐकायला भरघोस वाटतात. हेक्टरात साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. श्रीवर्धन-दिवेआगरला सुपारी-नारळाच्या बागा एकरांत मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांच्या मालकाला पाच हजार मिळाले. पडलेली झाडं कापून बाग साफ करायलाही ते पुरेनात, आणि नवं नारळाचं झाड फळ धरायला सहा-सात वर्षं घेतं. ओरड झाल्यावर पुढे झाडामागे रक्कम धरायचं ठरलं. सरकार कंजूष होतं असं मी म्हणणार नाही. माप चुकीचं होतं. विदर्भ-खानदेशच्या शेतीला बेतलेलं हेक्टरचं माप कोकणच्या वाडीला लावलं की असंच होणार.

आमच्या भागातून मदत जावी, जरूर जावी. सोनगीरहून कोकणात टेम्पो जायला आख्खा दिवस मोडतो आणि हजारोंचं डिझेल लागतं. म्हणून भरण्याआधी राज्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७० हा क्रमांक लावा, बाधित तालुक्याचं तहसील कार्यालय गाठा आणि दोनच गोष्टी विचारा: काय कमी पडतंय, आणि उतरवून घ्यायला कोण आहे? उत्तर ‘जे-हूक’ असं आलं तर कपडे घरी ठेवा आणि हूक पाठवा.