ऑब्जेक्टच्या स्वतःच्या गुणधर्मांची यादी (जावास्क्रिप्ट)

जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत ऑब्जेक्ट म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच होय. जोडीतील नावाला 'की' असे म्हणतात. प्रत्यक्ष त्या ऑब्जेक्टमध्येच साठविलेले गुणधर्म हे त्याचे 'स्वतःचे', तर त्याच्या आदिरूपाकडून (प्रोटोटाइप) लाभलेले गुणधर्म वारशाने आलेले मानले जातात.

उदाहरण

'नाशिक' या ऑब्जेक्टमध्ये 'राज्य' हा गुणधर्म आहे. त्यालाच आदिरूप मानून 'निफाड' हा ऑब्जेक्ट तयार केला आणि त्यात 'तालुका' व 'पीक' हे गुणधर्म घातले, तर 'निफाड'कडे 'राज्य' विचारल्यास उत्तर मिळते. परंतु तो गुणधर्म त्याचा स्वतःचा नसतो.

पद्धती

फॉर-इन या आवर्तनात 'तालुका', 'पीक' आणि 'राज्य' ही तिन्ही नावे येतात. डिसेंबर २००९ मधील एक्मास्क्रिप्ट ५ या मानकाने आणलेले ऑब्जेक्ट.कीज हे फलन मात्र पहिली दोनच नावे देते. त्याच मानकातील ऑब्जेक्ट.गेटओनप्रॉपर्टीनेम्स हे फलन गणनेतून वगळलेली नावेही देते. उदाहरणार्थ, ॲरेचा 'लेंग्थ' हा गुणधर्म. सिम्बॉल प्रकारच्या कीदेखील हव्या असल्यास २०१५ च्या मानकातील रिफ्लेक्ट.ओनकीज वापरतात.

नावांचा क्रम

यादीत पूर्णांकासारख्या की प्रथम, चढत्या क्रमाने येतात. त्यानंतर इतर नावे ज्या क्रमाने घातली त्या क्रमाने येतात. ऑब्जेक्ट.कीजसाठी हा क्रम २०२० च्या मानकाने निश्चित केला. त्यामुळे नाशिक रोडचा पिनकोड ४२२१०१ आधी आणि पंचवटीचा ४२२००३ नंतर घातला, तरी यादीत पंचवटीच प्रथम येते. हा नियम आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेल्या कीपुरताच आहे. हेच पिनकोड देवनागरी अंकांत, अवतरणचिन्हांत लिहिल्यास ते साधा मजकूर ठरतात आणि घातलेला क्रम टिकतो. मराठी माहितीवर काम करणाऱ्या आज्ञावलीत दोन्ही प्रकारचे अंक मिसळल्यास यादीचा क्रम अनपेक्षित ठरू शकतो. घातलेला क्रम नेहमीच राखायचा असल्यास ऑब्जेक्टऐवजी 'मॅप' ही रचना वापरणे इष्ट ठरते.