घरात शेपट्या किती?



जून महिना आला की आमच्या शाळेच्या हजेरीपत्रकात दोन गोष्टी होतात. काही नवी नावे चढतात आणि काही नावांपुढे ‘दाखला नेला’ असे लिहावे लागते. कुणाच्या बाबांची बदली झालेली असते, कुणाचा भाडेकरार संपलेला असतो, तर कुणी स्वतःचा फ्लॅट घेतलेला असतो. मग टेम्पो येतो, कपाटे, गाद्या, भांडी चढतात आणि घर हलते. पण त्या घरात एखादा मोती, एखादी मनी, नाहीतर काचेच्या पेटीतले चार मासे असतील तर? त्यांचे नाव कुठल्या यादीत लिहायचे? माणसांच्या की सामानाच्या?

आज आपण याच प्रश्नावर बोलू. त्यासाठी एका माणसाची ओळख करून घ्यायला हवी. तुमच्या अंकात पोलीसकाका येतात, पोस्टमनकाका येतात, पण हा मात्र कधी येत नाही. तो म्हणजे घर दाखवणारा एजंट.

किल्ल्यांचा जुडगा एवढेच काम?

पूर्वी याला ‘दलाल’ म्हणत. कुठे घर रिकामे आहे आणि कुणाला घर हवे आहे, या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक असतात. तो दोघांची गाठ घालून देतो आणि त्याबद्दल दलाली घेतो. भाड्याचे घर असेल तर ती बहुधा एक महिन्याच्या भाड्याइतकी असते. म्हणजे रक्कम काही लहान नाही. मग हे पैसे आपण कशाचे देतो? कुलूप उघडून दाखवण्याचे? छे! कुलूप तर तुम्हीही उघडाल. पैसे द्यायचे ते आपली गरज नीट ऐकून घेण्याचे आणि घराबद्दल खरे सांगण्याचे.

माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या घरी काय घडले ते सांगते, म्हणजे फरक लगेच कळेल.

एका मुलीच्या घरी कुत्रा होता. तिच्या आईबाबांनी भाड्याचे घर शोधायला घेतले. एजंटाने विचारले, “किती खोल्या हव्यात? भाडं किती परवडेल? डिपॉझिट केव्हा देताय?” कुत्र्याबद्दल त्याने विचारले नाही आणि “आपण होऊन कशाला सांगायचं?” म्हणून यांनीही सांगितले नाही. कुत्र्याला रात्रीच्या टेम्पोतून चादरीखाली लपवून आणले. आता कुत्रा का गप्प बसतो? तिसऱ्या दिवशी तो भुंकला, चौथ्या दिवशी घरमालकांचा फोन आला. करार काढून पाहिला तर बारीक अक्षरांत एक ओळ होतीच, की घरात प्राणी ठेवायचा नाही. एजंटाला फोन लावला, तर तो उचलेना. त्याची दलाली केव्हाच मिळाली होती! शेवटी कुत्र्याला गावी मावशीकडे धाडले. त्यानंतर कितीतरी दिवस ती मुलगी चित्रकलेच्या तासाला काहीही काढायला सांगितले, तरी कोपऱ्यात एक कुत्रा काढायचीच. दिवाळी काढली तरी कुत्रा, समुद्र काढला तरी कुत्रा.

आता दुसऱ्या घराची गोष्ट. इथल्या एजंटाचा पहिलाच प्रश्न होता, “घरात कोण कोण असतं?” बाबा उत्तर देण्याआधीच मुलगा म्हणाला, “आम्ही चौघं आणि मनी!” एजंटकाका हसले, पण त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मग विचारले, “मनी घराबाहेर जाते का रे? तिला लस दिलीय का? दुपारी घरी कोण असतं? आणि खरं सांग, सोफा ओरबाडते का?” मुलानेही खरे सांगितले, “हो, ओरबाडते!”

त्या काकांनी सात घरे दाखवली नाहीत. दोनच दाखवली. ज्या मालकांना मांजर चालणार नव्हते, त्यांची घरे त्यांनी फोनवरच बाजूला काढली. “तिथं नेऊन तुमची रविवारची सकाळ वाया का घालवू?” म्हणाले. जे घर पसंत पडले ते चौथ्या मजल्यावर होते आणि खिडक्यांना जाळी नव्हती. ते त्यांनी स्वतःच दाखवून दिले. जाळीचा निम्मा खर्च मालक देतील, निम्मा भाडेकरू, असे ठरवून दिले आणि ‘एक मांजर ठेवण्यास परवानगी’ हे वाक्य करारात घालून घेतले. दहा दिवसांनी पुन्हा फोन केला, “मनी रुळली का?” याला म्हणतात ग्राहकाची सेवा!

जाळीचे एवढे काय?

तुम्ही म्हणाल, बाई, मांजर तर नेहमी पायांवर पडते. पडते खरे, पण म्हणून ते वाचतेच असे नाही. न्यूयॉर्क शहरात उंच इमारतींवरून पडलेल्या मांजरांचा एक अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या प्राण्यांच्या दवाखान्यात आणलेल्या 132 मांजरांची त्यात नोंद होती. उपचार मिळाल्यावर सुमारे 90 टक्के मांजरे वाचली. छान वाटले ना? पण थांबा. जी मांजरे जागीच मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती या हिशोबात आलीच नाहीत. आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या छातीला, जबड्याला, पायांना मोठ्या दुखापती झाल्या होत्या. म्हणून मांजर असलेल्या घरात खिडकीला जाळी ही चैन नाही, गरज आहे. चांगल्या एजंटाला हे सांगावे लागत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

“आमच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही” असे वाक्य तुम्ही ऐकले असेल. पण भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना वेगळे सांगतात. सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. हे मंडळ 1962 साली स्थापन झाले. त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत्या प्रसिद्ध नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी घालणारा 1960 चा कायदा व्हावा म्हणून त्या झटल्या. त्याच कायद्यानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. घर बदलले म्हणून कुत्र्याला जुन्या गल्लीत सोडून जाणे हे नुसते निर्दयपणाचे नाही, तर बेकायदेशीरही आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. प्राण्यांबद्दल दया बाळगणे हे त्यांतलेच एक.

घरमालकाची गोष्ट मात्र वेगळी. आपले घर भाड्याने देताना तो अट घालू शकतो. म्हणून तोंडी “चालेल हो!” यावर विसंबू नये. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार घराचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. मग प्राण्याची परवानगीही त्याच कागदावर येऊ द्या की!

आणि घर विकत घ्यायचे असेल तर? त्यासाठी 2016 चा केंद्राचा कायदा आहे, तो ‘रेरा’ या नावाने ओळखला जातो. आपल्या राज्यात त्याचे काम ‘महारेरा’ पाहते. नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटालाही नोंदणी करावी लागते आणि नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. 2023 पासून तर महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पाहिलेत? परीक्षा एजंटकाकांनाही चुकली नाही! आईबाबांना सांगा, एजंटाचा नोंदणी क्रमांक जरूर विचारा.

पण हक्क सांगताना शेजाऱ्यालाही विसरायचे नाही बरं का! जिन्यात कुत्रा दिसला की एखाद्या आजींचे पाय लटपटतात, एखाद्या मुलाला प्राण्यांच्या केसांमुळे शिंका येतात. त्यांची भीती खोटी नसते. म्हणून कुत्र्याला साखळीनेच बाहेर न्यायचे, त्याने घाण केली तर आपण उचलायची, दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यायची आणि महानगरपालिकेचा परवाना लागत असेल तर तो काढायचा.

टेम्पो दारात आल्यावर

घर ठरले. आता हलवायचे कसे? प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

कुत्रा वासावर जग ओळखतो. म्हणून त्याची जुनी गोधडी धुऊन स्वच्छ करून नेऊ नका. तिला जुन्या घराचा वास असतो, तोच त्याला धीर देतो. त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा बदलू नका. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असू द्या.

मांजराचा जीव माणसांइतकाच जागेतही अडकलेला असतो. सामान हलताना त्याला झाकणाच्या टोपलीत ठेवा. नव्या घरात सुरुवातीचे काही दिवस एकाच खोलीत राहू द्या आणि दोन-तीन आठवडे तरी बाहेर सोडू नका. नाहीतर ते जुन्या घराच्या शोधात निघते आणि वाटेत हरवते.

माशांना आदल्या दिवशी खाणे देऊ नका. पिशवीत एक भाग पेटीतलेच जुने पाणी आणि दोन भाग हवा ठेवा. नव्या घरी नळाच्या पाण्यात एकदम सोडू नका, त्यातला क्लोरीन त्यांना मारक ठरतो.

पक्षी असतील तर ताज्या रंगाचा वास येणाऱ्या खोलीत पिंजरा टांगू नका. आणि एक महत्त्वाची गोष्ट. आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मनाई आहे. तेव्हा त्याची जागा नव्या घरात नाही, झाडावरच!

तुमच्यासाठी एक काम

आईबाबा घर शोधू लागले की मुले म्हणतात, “आम्हाला कोण विचारतंय?” पण एक काम तुम्हीच उत्तम करू शकता. एक जाड कार्ड घ्या आणि आपल्या प्राण्याचे ओळखपत्र बनवा. त्यावर फोटो चिकटवा किंवा चित्र काढा. नाव, वय, वजन, शेवटची लस कोणत्या तारखेला दिली, दुपारी त्याच्याजवळ कोण असते, हे लिहा. चांगल्या सवयी लिहा. आणि खोड्याही लिहा! ‘बेल वाजली की भुंकतो, पण दोन मिनिटांत गप्प होतो’, असे खरे खरे लिहा. दोषांसकट लिहिलेल्या कार्डावर घरमालकाचा विश्वास बसतो. नुसते कौतुक तर कुणीही लिहील.

हे कार्ड पहिल्याच भेटीत एजंटाच्या हाती द्या. चांगला एजंट ते वाचून चार प्रश्न विचारेल आणि मगच घर दाखवायला निघेल. वाईट एजंट म्हणेल, “अहो, ते बघू नंतर, कुणाला कळतंय!” असे तो म्हणाला की ओळखा, हा आपला माणूस नाही. आणि एखाद्याने स्वच्छ सांगितले, “या घरात नाही जमणार”, तर त्याच्यावर रागावू नका. वेळेवर मिळालेला खरा नकार हीसुद्धा सेवाच आहे. त्यामुळे तुमचा मोती गावी जायचा वाचतो.

मग काढताय ना पुठ्ठा आणि रंग? घर बदलायचे नसले तरी कार्ड बनवाच. दवाखान्यात जाताना, चार दिवस शेजारच्या काकूंकडे प्राणी ठेवतानाही ते उपयोगी पडेल. आणि ते बनवता बनवता कदाचित तुमच्याच लक्षात येईल, की अरे, लस द्यायची तारीख तर उलटून गेली!