‘मी’ म्हणजे मी नव्हे

‘मी पियाचे इल पाने.’ इटालियन भाषेतलं हे साधं वाक्य. अर्थ एवढाच, की मला पाव आवडतो. पण मराठी माणसाचा कान पहिल्याच शब्दाला फसतो. इथला ‘मी’ म्हणजे आपला मी नव्हे, तर ‘मला’. आपल्या ‘मी’साठी त्यांच्याकडे ‘इओ’ हा वेगळा शब्द आहे, आणि तो या वाक्यात कुठेच नाही.

‘पियाचे’ म्हणजे आवडतो. ‘इल’ हे नामाआधी येणारं उपपद. मराठीला त्याची गरज पडत नाही. ‘पाने’ आणि आपला ‘पाव’ या दोघांचं मूळ लॅटिनमधल्या ‘पानिस’ या शब्दात. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला. इथे ‘भाकरी’ लिहिलं तर वाक्य आपल्या जिभेला गोड लागेल, पण ताटातला पदार्थच बदलेल.

आता क्रियापद पाहा. नाशपाती पुष्कळ असतील तर इटालियन माणूस म्हणतो, ‘मी पियाच्चोनो ले पेरे.’ आवडून घेणारा एकच, पण क्रियापद बदललं ते फळांकडे पाहून. आपणही हेच करतो. मला पेरू आवडतो, भाकरी आवडते, बोरं आवडतात. फरक इतकाच, की त्यांचं क्रियापद इथे वचन पाहतं, आपलं लिंगही पाहतं. इंग्रजीत मात्र आवडणारा माणूस कर्ता होऊन बसतो. म्हणून इंग्रजीच्या दारातून इटालियनकडे जाणारा इथे अडखळतो आणि मराठीच्या दारातून जाणारा सहज आत शिरतो.

मंडळी, हे सांगायचं कारण आपल्या जवळचं आहे. केदारखेड्याकडच्या मुसलमान घरांत मूल म्हणतं, ‘मेरेकू पानी होना.’ शाळेतली हिंदी सांगते, ‘मुझे पानी चाहिए’ म्हण. मग पोराला वाटतं, आपल्या आईची भाषाच चुकीची. पण ‘मेरेकू पानी होना’ हे वाक्य ‘मला पाणी हवं’ याच साच्यातलं आहे. ‘मैंच जाता’ यातला ‘च’ही मराठीचाच. शेकडो वर्षांच्या शेजाराने दख्खनीला दिलेलं हे व्याकरण आहे.

इटलीतही ‘आ मे मी पियाचे’, म्हणजे ‘मला मला आवडतं’, असं लिहिणाऱ्या मुलांच्या वहीत मास्तर लाल रेघ मारत आले. भाषेचे अभ्यासक मात्र सांगतात, की बोलताना शब्दावर जोर देण्याची ती एक रीत आहे.

प्रमाण भाषा मुलांना जरूर शिकवावी. परीक्षेला, अर्जाला, नोकरीला ती लागते. पण ‘तुझं चुकलं’ म्हणण्याऐवजी ‘घरी असं म्हणतात, वहीत असं लिहितात’ एवढं सांगितलं तरी पुरे. हसलं गेलेलं मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं मूल कुठलीच भाषा शिकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)