शंभर यार्डांची लढाई

परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयासमोर रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन पदपथावर टेकलेली माणसं मुंबईकराच्या नजरेला सरावाची झाली आहेत. त्यांतल्या काहींचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. रात्री पाठ टेकायला कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा शोधतो.

या रुग्णालयाच्या आजूबाजूला कधीकाळी कापडगिरण्यांचं गिरणगाव होतं. कापसाच्या धुळीत ठिणगी पडली तर अख्खं खातं पेटायचं, म्हणून आत विडीला मनाई. मग साच्यावरचा कामगार तंबाखू मळून दाढेखाली धरायचा. घरात बायका मिश्री लावायच्या. आणि आणायचं काम पोरांचं! ‘‘जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये,’’ हे लालबागच्या चाळीत वाढलेल्या कुणी ऐकलेलं नाही? नव्वदच्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या पथकाने मतदारयाद्या घेऊन शहरातल्या पस्तिशीपुढच्या ९९,५९८ माणसांची पाहणी केली. ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, बायकांची जवळपास सगळी बिनधुराची. (रखवालदार बसवलेल्या बड्या सोसायट्या या पाहणीत नव्हत्या, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावं.)

अशा घरांतून महापालिकेच्या शाळेत येणाऱ्या मुलांसाठी पद्मिनी सोमाणी यांनी २००२ मध्ये सलाम बॉम्बे फाउंडेशन उभं केलं. सडलेल्या जबड्याचं चित्र दाखवून घाबरवणं सोपं असतं. पण ज्याची आजी साठ वर्षं मिश्री लावून धडधाकट आहे, तो पोरगा त्या चित्राला कशाला भीक घालेल? इथे सातवी ते नववीच्या मुलांना आधी ‘नाही’ म्हणायचा सराव दिला जातो. मित्राने मावा पुढे केला तर काय बोलायचं, तोंड कसं फिरवायचं. मग नाटक, क्रिकेट, हॉकी. वरवर पाहता याचा तंबाखूशी संबंध नाही. मला मात्र खरी मेख इथेच वाटते. संध्याकाळी ज्याला मैदानावर कुणी वाट पाहणारं आहे, तो टपरीवर कमी रेंगाळतो.

मुलांची बालपरिषदही असते, आणि तिच्या हाताशी एक कायदा आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही; अठरा वर्षांखालच्याला तर कुठेच नाही. दंड? फार तर २०० रुपये. टपरीवाल्याला तो पाव दिवसाच्या गल्ल्यातून भागवता येईल. तरीही शाळेच्या गणवेशातलं पोर अंतराचा हिशेब घेऊन मोठ्या माणसांसमोर उभं राहतं, तेव्हा साहेबालाही खुर्चीत सावरून बसावं लागतं. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पुड्या अजून मिळतात, कुठे ते मुलांना पोलिसांइतकंच ठाऊक असतं.

सलाम बॉम्बेच्या या कामाचा उपयोग किती? हार्वर्डच्या ग्लोरियन सोरेन्सन आणि गुप्ता यांच्यासह संशोधकांनी मुंबईच्या शाळांत ताडून पाहिलं. अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. उपक्रम चाललेल्या शाळांत आधीच्या महिनाभरात तंबाखू वापरल्याचं ४.१ टक्के मुलांनी सांगितलं, इतर शाळांत ८.७ टक्के. उत्तरं मुलांनीच दिलेली, तेव्हा थोडं सावधपणेच घ्यावं. पण फरक दुपटीचा आहे.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान गावागावांत खर्रा आणि दारूविरुद्ध लोकांनाच उभं करतं. ऑस्ट्रेलियातही मूलनिवासींच्या वस्त्यांत धूम्रपानाविरुद्धचं काम त्यांच्याच आरोग्यसंस्था हाती घेतात. मुंबईच्या चाळीत ही जागा तेरा वर्षांच्या पोरांनी घेतली आहे, आणि त्यांची अडचण निराळीच आहे. टपरीपर्यंतचं अंतर मोजता येतं. खाटेवर बसलेल्या आजीने दोन रुपये पुढे करून मिश्रीची डबी भरून आणायला सांगितलं, तर बालपरिषदेत शिकलेलं ‘नाही’ तिच्यापुढे कसं उच्चारायचं?