एका रोपाला एकच गड्डा

वांग्याचे झाड पुष्कळ दिवस वांगी देते. पालक कापला तरी परत फुटतो. फ्लॉवरचे तसे नाही. एका रोपाला एकच गड्डा येतो. तो कापला की झाड संपले. आमच्या परसात आठ रोपं असतात. एक गड्डा म्हणजे आमच्या घरची एका वेळची भाजी. रोप वाया गेले की तेवढी भाजी बाजारातून आणावी लागते. म्हणून फ्लॉवरला फार जपावे लागते. कसे ते सांगते.

फ्लॉवर थंडीत चांगला येतो. स्नोबॉल जातीचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकावे. हीच जात उन्हाळ्यात लावली तर नुसती पानंच वाढतात. बी मोहरीसारखे बारीक असते. म्हणून आधी गादीवाफ्यावर ओळीत पातळ पेरावे. वर बारीक शेणखत भुरभुरावे आणि झारीने पाणी घालावे.

चार-पाच आठवड्यांत रोपं लावायला येतात. जास्त जून झालेली रोपं लावू नयेत, कारण मग गड्डा बटणाएवढाच राहतो. जागा खणून तिच्यात कुजलेले शेणखत मिसळावे. दोन रोपांत एक हात अंतर ठेवावे. लावणी संध्याकाळी करावी, म्हणजे रोपं सुकत नाहीत. माती ओली राहील इतके पाणी द्यावे, पण तळे करू नये.

पानांच्या खालच्या बाजूला हिरव्या अळ्या लपतात. रोज सकाळी पानं उलटून त्या वेचाव्यात. आमच्या कोंबड्या त्या आवडीने खातात.

गड्डा लिंबाएवढा झाला की खरे काम सुरू होते. त्याला ऊन लागले तर तो पिवळा पडतो. म्हणून त्याचीच बाहेरची पानं वर घेऊन सुतळीने सैल बांधावीत. मधूनमधून उघडून आत अळी आहे का ते बघावे.

गड्डा घट्ट आहे तोवरच कापावा. गड्डा म्हणजे फुलं येण्याआधीचे कोवळे तुरे. उशीर झाला की ते सुटे होतात आणि पुढे त्यांना मोहरीसारखी पिवळी फुलं येतात. मग भाजी चांगली होत नाही.

सगळी रोपं एकदम लावू नका. चार आज आणि चार पंधरा दिवसांनी लावा, म्हणजे गड्डेही मागेपुढे येतील. चिरलेला फ्लॉवर मीठ घातलेल्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, राहिलेल्या अळ्या निघून जातात. पानं शेळीला घाला. फ्लॉवरचे काहीच वाया जात नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी